शेरीफच्या मागावर : अ‍ॅनिक ते लिंकन

गुरुवार, अ‍ॅनिक

रॉबिन हूडच्या नावानं इंग्लंडमध्ये फिरणारे बहुतेक जण सरळ नॉटिंगहॅम गाठतात. मी उत्तरेच्या टोकाकडून सुरुवात केली, कारण मला रॉबिनपेक्षा त्याचे वैरी बघायचे होते. नॉटिंगहॅमचा शेरीफ म्हणजे राजाचा अंमलदार, मारेकरी गिस्बोर्न, यॉर्कचा मठाधिपती, कर्कलीजच्या मठातली प्रायोरेस म्हणजे मठप्रमुख बाई आणि राजपुत्र जॉन. आधी पडद्यावरचे, मग जुन्या कथागीतांतले आणि शेवटी सरकारी दप्तरातले, असा काळात मागे मागे जाणारा रस्ता मी आखला होता.

किंग्ज क्रॉसहून गाडीनं अ‍ॅनमथ आणि तिथून बसनं अ‍ॅनिक. गावाच्या अंगावर येणारा हा किल्ला १३०९ पासून पर्सी घराण्याकडे आहे आणि ते अजूनही तिथे राहतात. हॅरी पॉटरचे चाहते इथे झुंडीनं येतात. झाडू उडवायला शिकवायचा प्रसंग याच आवारात चित्रित झाला. मला हवा होता तो त्याआधीचा, १९९१ च्या ‘रॉबिन हूड : प्रिन्स ऑफ थीव्ज’मधला किल्ला. त्या सिनेमात अ‍ॅनिकच्या भिंती नॉटिंगहॅमचा किल्ला म्हणून दिसतात आणि आत राहतो अ‍ॅलन रिकमनचा शेरीफ.

हा शेरीफ एकदा पाहिला की विसरता येत नाही. रिकमननं आधी भूमिका नाकारली होती. हवं तसं रंगवायची मोकळीक मिळाल्यावर तो तयार झाला, आणि ती मोकळीक त्यानं पुरेपूर वापरली. चिडका, लंपट, स्वतःवर खूश असलेला, रागाच्या भरात ख्रिसमस रद्द करून टाकणारा माणूस. सिनेमा नायकाचा राहिला नाही, याचा होऊन गेला. सहायक अभिनेत्याचा बाफ्टा पुरस्कारही त्यालाच मिळाला. मला तो फार आवडतो. पण आज त्या भिंतीखाली उभी असताना दुसरंच काही मनात घोळत होतं.

या किल्ल्याचा रॉबिनच्या शत्रूंशी आणखी एक, सिनेमाहून जुना संबंध आहे. अठराव्या शतकात टॉमस पर्सी नावाचा एक धर्मोपदेशक या घराण्याच्या पदरी होता. आडनाव तेच असलं तरी मूळचा तो एका वाण्याचा मुलगा. श्रॉपशरमधल्या शिफ्नल गावी एका ओळखीच्या घरात त्याला जुनी हस्तलिखित वही सापडली. ती वही कपाटाखाली जमिनीवर पडली होती आणि घरातल्या मोलकरणी तिची पानं चुलीसाठी फाडत होत्या. त्यानं ती मागून घेतली, त्यातली गीतं आणि इतर जुनी गीतं मिळून १७६५ साली छापली आणि संग्रह अर्पण केला तो याच घराण्यातल्या काउंटेसला. रॉबिन आणि गिस्बोर्न यांच्या झुंजीचं कथागीत आपल्यापर्यंत पोचलं ते त्या फाटक्या वहीमुळे. आणखी काही दिवस ती कपाटाखाली राहिली असती, तर गिस्बोर्नची गोष्टच उरली नसती.

ते गीत मी बरोबर घेतलं होतं. संध्याकाळी जुन्या रेल्वे स्टेशनात थाटलेल्या बार्टर बुक्स या पुस्तकांच्या दुकानात बसून पुन्हा वाचलं.

गिस्बोर्न त्यात कुणी सरदार नाही. तो रॉबिनला मारायची सुपारी घेतलेला माणूस आहे. अंगावर घोड्याचं अख्खं कातडं, डोकं, आयाळ, शेपटीसकट. दोघं रानात भेटतात, एकमेकांना न ओळखता नेमबाजी करतात, मग नावं सांगतात आणि तलवारी उपसतात. रॉबिन त्याला मारतो. इथवर ठीक. पुढे तो त्याचं मुंडकं कापतो, धनुष्याच्या टोकाला खोचतो आणि सुरीनं चेहऱ्यावर असे वार करतो की आईलाही ओळखू येऊ नये. मग ते घोड्याचं कातडं पांघरून, गिस्बोर्नचंच शिंग फुंकत शेरीफकडे जातो.

१९९१ च्या सिनेमात गिस्बोर्नला कोण मारतं? शेरीफ. सिनेमात तो शेरीफचा चुलतभाऊ केला आहे, आणि शेरीफ त्याला मिठीत घेऊन भोसकतो. प्रसंग झकास आहे. पण नायकाच्या हातावरचं रक्त पुसून ते खलनायकाच्या हाताला लावलेलं आहे, हेही खरं. पुढे सगळीकडे हेच शोधायचं असं तिथेच ठरवलं.

शुक्रवार, हेड्रियनची भिंत

सकाळी हल्न प्रायरीपर्यंत चालत गेले. त्याच सिनेमात हे मॅरियनचं, म्हणजे रॉबिनच्या प्रेयसीचं, घर होतं. तेराव्या शतकातला मठ, ओसाड, छान. पण शत्रूंच्या शोधात तिथे हाती लागण्यासारखं काही नाही. दुपारी न्यूकासल आणि हेक्समवरून बसनं रोमन भिंतीकडे निघाले.

सिकॅमोर गॅप ही दोन चढांमधली खोलगट जागा. भिंत एका बाजूनं उतरते, दुसऱ्या बाजूनं वर चढते, आणि मधोमध ते एकटं झाड होतं. सिनेमात भुकेपोटी हरीण मारलेला एक पोरगा गिस्बोर्नच्या शिपायांना चुकवत त्या झाडावर चढतो आणि धर्मयुद्धाहून परतलेला रॉबिन तिथे येऊन पोचतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये एका रात्रीत ते झाड कुणीतरी करवतीनं कापलं. पुढे दोन माणसांवर खटला चालला आणि त्यांना तुरुंगवास झाला. आता तिथे कुंपणाच्या आत बुंधा आहे. बुंध्याच्या बुडाशी नवे फुटवे आलेत, बोटाएवढे जाड, पानं मोठी मोठी. लोक येतात, गप्प उभे राहतात, मुलांना दाखवतात.

त्या पोराचा प्रसंग मात्र सिनेमातल्या सगळ्यात खऱ्या प्रसंगांपैकी एक आहे, असं मला वाटतं. इंग्लंडच्या राजांनी देशातली प्रचंड जमीन ‘राजाचं रान’ म्हणून राखून ठेवली होती. रान म्हणजे नुसती झाडी असं समजू नये. त्यात गावं होती, शेतं होती, माणसं होती. तिथलं हरीण मारलं तर डोळे काढण्यापासून अवयव छाटण्यापर्यंत शिक्षा कायद्यात होत्या. ११९८ च्या रानाच्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि तो कायदा कुणाचा? सिनेमाच्या शेवटी घोड्यावरून येऊन सगळ्यांना न्याय देणाऱ्या रिचर्ड राजाचा.

इथे मला सिनेमावाल्यांचा खरोखर राग येतो. १९३८ च्या रंगीत सिनेमापासून जवळपास सगळ्यांनी रिचर्डला देवमाणूस करून ठेवलं आहे. दुष्टपणा एकट्या त्याच्या भावावर, जॉनवर, आणि जॉनच्या चमच्यांवर ढकलला की राजा स्वच्छ, कायदा स्वच्छ. मग एक माणूस मेला की प्रेक्षक सुखानं घरी.

शनिवार, यॉर्क

यॉर्कच्या म्युझियम गार्डन्समध्ये सेंट मेरीज मठाची एक उंच भिंत उभी आहे. खिडक्यांच्या कमानी शाबूत, काचा गेलेल्या, कमानींतून थेट आभाळ दिसतं. खाली हिरवळीवर लोक डबे उघडून बसलेले. एके काळी उत्तर इंग्लंडमधला हा सगळ्यात श्रीमंत बेनेडिक्टाइन मठ होता. १५३९ साली आठव्या हेन्रीच्या राज्यात तो बंद झाला.

रॉबिनवरचं सगळ्यात मोठं जुनं काव्य १५०० च्या सुमारास छापलेलं आहे. त्यातला मध्यवर्ती खलप्रसंग या मठात घडतो. एक नाइट आहे, सर रिचर्ड. मुलानं एकाला ठार मारलं, त्याला सोडवण्यासाठी बापानं मठाकडून चारशे पौंड कर्ज काढलं आणि जमीन गहाण टाकली. आज मुदत संपते आहे. मठाधिपती जेवायला बसलाय. शेजारी इंग्लंडचा सरन्यायाधीश, त्याला मठानं आधीच कपडे आणि पगार बांधून दिलेला. शेरीफही पंगतीत. नाइट येतो, गुडघे टेकतो, थोडी मुदत वाढवून मागतो. एकट्या प्रायरला, म्हणजे मठाधिपतीच्या हाताखालच्या साधूला, त्याची दया येते. न्यायाधीशाकडे दाद मागितली तर तो म्हणतो, मी मठाचं मीठ खातो. शेरीफकडे वळतो, तोही नाही म्हणतो. मग नाइट थैली काढतो आणि रॉबिननं दिलेले चारशे पौंड टेबलावर ओततो. मठाधिपतीच्या घशाखाली घास उतरत नाही.

आपल्याकडे सावकारी ज्यानं पाहिली किंवा आजोबांच्या तोंडून ऐकली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. गहाणखत, मुदतीचा दिवस, ओळखीचा अंमलदार, आधीच बोललेला वकील. इथे कुणी वेडसर हसत नाही, कुणी चेटकिणीचा सल्ला घेत नाही. सगळे कायद्यानं वागताहेत आणि एका माणसाची जमीन गिळताहेत. माझ्या मते अख्ख्या रॉबिनकथेतला हा सर्वांत भयंकर शत्रू आहे, आणि मोठ्या पडद्यानं त्याला जवळजवळ हातच लावलेला नाही.

छोट्या पडद्यावर एकदा मात्र याच्या बरंच जवळ कुणी गेलं होतं. १९५५ मध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर रिचर्ड ग्रीनची मालिका सुरू झाली. तिच्या निर्मात्या हॅना वाइनस्टाइन यांनी पडद्यामागे असे अमेरिकन लेखक घेतले, ज्यांना कम्युनिस्ट ठरवून हॉलिवुडनं काळ्या यादीत टाकलं होतं. रिंग लार्डनर ज्युनियर त्यांतलेच एक. ही मंडळी टोपणनावानं लिहीत होती. स्वतः हद्दपार झालेली माणसं हद्दपारांची गोष्ट लिहीत होती, हे लक्षात ठेवून ते भाग बघावेत. अ‍ॅलन व्हीटलीचा शेरीफ त्यात आरडाओरडा करत नाही. गुळगुळीत बोलतो, हुशार आहे, माणसं फोडतो, फितुरांकडून खबर काढतो. त्याच सुमारास अमेरिकेत इंडियाना राज्यात पाठ्यपुस्तक समितीच्या एका सदस्य बाईंनी रॉबिन हूडची गोष्ट कम्युनिस्ट आहे म्हणून पुस्तकांतून काढायची मागणी केली होती. म्हणजे कुणाला तरी ती गोष्ट नीट कळली होती.

संध्याकाळी क्लिफर्ड्स टॉवरच्या पायऱ्या चढून गेले. या शहरातल्या सरकारी हिशेबात १२२६ साली ‘रॉबर्ट हॉड, फरारी’ असं नाव येतं; त्याचं सामान जप्त करून किंमत लावली आहे ३२ शिलिंग ६ पेन्स. तोच रॉबिन का, यावर अभ्यासक वाद घालत राहोत. मला लक्ष वेधावंसं वाटतं ते त्या काळच्या शेरीफकडे. त्याचं नाव युस्टेस ऑफ लाउडम. वेदरबीच्या रॉबर्ट नावाच्या हद्दपाराला शोधून त्याचं मुंडकं उडवायला त्यानं माणसं भाड्यानं घेतली. त्यांचा खर्च आणि प्रेत टांगायच्या साखळीचा खर्च सरकारी खात्यात लिहिलेला आहे. हाच युस्टेस पुढे काही काळ नॉटिंगहॅमशरचाही शेरीफ होता. हिशेबाच्या वहीत साखळीची किंमत मांडणारा हा माणूस मला रिकमनपेक्षा जास्त घाबरवतो.

रविवार, बार्न्सडेल आणि कर्कलीज

माझा मामेभाऊ लीड्सला असतो. आज दादानं गाडी काढली आणि त्याची मुलगीही बरोबर आली.

जुन्या काव्यातला रॉबिन बराचसा शेरवुडमध्ये नसून इथे, यॉर्कशरमधल्या बार्न्सडेलला आहे. वेंटब्रिज गाव त्या काव्यातल्या प्रसंगांच्या अगदी लगत. आता वरून ए-वन महामार्गाचा उंच पूल जातो, खाली वेंट नदी आणि दाट झाडी. लंडनहून उत्तरेला जाणारा जुना राजरस्ता हाच. पैशाच्या पेट्या घेऊन जाणारे मठाचे लोक अडवायला याहून चांगली जागा कुठली असणार! दादा म्हणाला, “इथून मी कितीदा कामाला गेलो असेन, कधी मान वळवून बघितलं नाही.”

पुढे स्केलब्रुकजवळ महामार्गाच्या कडेला रॉबिन हूडची विहीर आहे, म्हणजे विहिरीवरचं दगडी छत. रस्ता रुंद करताना ते उचलून बाजूला बसवलं. दोन मिनिटांत बघून होतं.

दुपारी ब्रिगहाउसजवळ कर्कलीजला गेलो. इथे नन्सचा मठ होता. थडगं खासगी जागेत आहे, केव्हाही आत जाता येत नाही; आम्ही बाहेरच्या रस्त्यावरूनच झाडी पाहिली. आजारी रॉबिन रक्त काढून घ्यायला इथल्या प्रायोरेसकडे येतो. ती त्याची नातलग. ती शीर कापते आणि रक्त वाहू देते. तिचा साथीदार डॉनकास्टरचा रॉजर. सगळ्या शत्रूंत रॉबिनला संपवणं जमलं ते एका बाईला आणि तेही घरच्या माणसाला.

पडद्यावर या बाईचं काय झालं हे मला फार विलक्षण वाटतं. १९७६ च्या ‘रॉबिन अँड मॅरियन’मध्ये शॉन कॉनरीचा रॉबिन म्हातारा झालाय, आणि ऑड्री हेपबर्नची मॅरियन मठाची प्रमुख आहे. शेवटी ती जखमी रॉबिनला विष देते आणि स्वतःही घेते, प्रेमापोटी. खुनी प्रायोरेस आणि प्रेयसी या दोन बायका एकाच देहात घातल्या आणि खलनायिका नाहीशी झाली. धाडसी कल्पना आहे. त्याच सिनेमात रॉबर्ट शॉचा शेरीफ समंजस, थकलेला, वाचन असलेला. रॉबिनचा त्याला मनातून आदर आहे. दोघंही आता ज्या भूमिकेत अडकलेत ती निभावतात. रिकमनचा शेरीफ पाहणाऱ्यांनी हा जरूर पाहावा.

सोमवार, लीड्स

दिवसभर पाऊस. दादा कामावर गेला, वहिनींनी थालीपीठं लावली, आणि भाचीनं मला २००६ ची बीबीसीची मालिका दाखवायला घेतली.

तिचा लाडका माणूस रॉबिन नाही, गिस्बोर्न आहे. रिचर्ड आर्मिटेजनं काळ्या चामड्याच्या पोशाखात तो केलाय. कपाळावर केस, बोलणं कमी, मॅरियनवर जीव. कीथ अ‍ॅलनचा शेरीफ त्याला सतत टोचतो, अपमान करतो. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी तोच मॅरियनला तलवारीनं मारतो आणि तिसऱ्या पर्वात पश्चात्तापानं पोळून रॉबिनच्या बाजूला येतो.

“आत्या, तो मुळात वाईट नव्हता गं. त्याला कुणी चांगलं म्हटलंच नाही कधी.”

मी तिला घोड्याच्या कातड्याचं गीत वाचून दाखवलं. चेहऱ्यावरच्या वारांपाशी आल्यावर तिनं थांबवलं. “हे रॉबिननं केलं?” हो, रॉबिननं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग हे दाखवत का नाहीत?”

१९३८ मध्ये एरॉल फ्लिनच्या रॉबिनसमोर बॅसिल रॅथबोनचा गिस्बोर्न उभा राहिला आणि तिथून हा माणूस कुलीन, देखणा, तलवारबहाद्दर झाला. रॅथबोन खरोखरच तलवारबाजीत तरबेज होता. जिन्यावरची ती झुंज, खांबावर पडलेल्या दोघांच्या मोठाल्या सावल्या, हे मी भाचीला रात्री दाखवलं. अजून अंगावर काटा येतो. रॉबिन तिथे समोरासमोर, सभ्यपणे जिंकतो. घोड्याचं कातडं अंगावर घेतलेला तो पोटार्थी मारेकरी मात्र कायमचा गेला.

मंगळवार, नॉटिंगहॅम

नॉटिंगहॅम किल्ला बघून अनेकांचा हिरमोड होतो. तटबंदीचा दरवाजा आहे, पण आत टेकडीवर एक चौकोनी हवेली उभी. विल्यम राजानं १०६८ मध्ये बांधायला लावलेला किल्ला यादवी युद्धानंतर १६५१ मध्ये पाडला गेला. मग न्यूकासलच्या ड्यूकनं ही हवेली बांधली. मताधिकाराच्या मागणीवरून चिडलेल्या जमावानं १८३१ मध्ये ती जाळली. १८७८ पासून तिथे संग्रहालय आहे. बाहेर भिंतीपाशी १९५२ चा जेम्स वुडफर्डचा कांस्य पुतळा, धनुष्य ताणलेला, ठेंगणा, दणकट. हिरव्या पोशाखातल्या देखण्या नटांपेक्षा हा मला जास्त पटला.

खालचा खडक मात्र जुनाच आहे. मऊ, पिवळसर वाळूचा दगड, त्यात गुहा आणि भुयारं. एका भुयारातून उतरताना भिंतीवर हात ठेवला तर वाळू बोटांना लागते. १३३० साली तिसऱ्या एडवर्डची माणसं अशाच चोरवाटेनं घुसली आणि त्यांनी राज्याची सत्ता बळकावून बसलेल्या रॉजर मॉर्टिमरला पकडलं.

या टेकडीवर घडलेल्या दोन गोष्टी कुठल्याही सिनेमाहून काळ्या आहेत. मार्च ११९४ मध्ये कैदेतून सुटून आलेल्या रिचर्डनं जॉनच्या लोकांनी धरून ठेवलेला हा किल्ला वेढला. त्यानं समोर फाशीचे खांब उभारले आणि पकडलेल्या शिपायांना आतल्यांना दिसेल असं लटकवलं. काही दिवसांत किल्ला शरण आला. आणि १२१२ मध्ये, तोवर राजा झालेल्या जॉननं इथे वेल्समधून ओलीस ठेवलेली मुलं फासावर दिली. इतिवृत्तात आकडा २८ आहे. एक भाऊ चांगला, एक वाईट, ही वाटणी या खडकावर उभं राहून करता येत नाही.

दुपारी लेस मार्केटमधल्या सेंट मेरीज चर्चला गेले. सुमारे १४५० नंतरच्या एका हस्तलिखितात जे गीत आहे, त्यात रॉबिन प्रार्थनेसाठी या नावाच्या चर्चमध्ये येतो, एक साधू त्याला ओळखतो आणि शेरीफला खबर देतो. सूड कसा घेतला जातो ते वाचवत नाही. रॉबिनचे साथीदार लिटल जॉन आणि मच त्या साधूला वाटेत गाठतात. लिटल जॉन साधूला मारतो, आणि साक्षीदार उरू नये म्हणून मच बरोबरच्या कोवळ्या नोकर पोराला मारतो. गाणाऱ्यानं त्यावर एक शब्दही हळहळीचा घातलेला नाही. चर्चमध्ये कुणीतरी ऑर्गनचा सराव करत होतं. मी मागच्या बाकावर बसून ते कडवं पुन्हा वाचलं. शत्रू जितका साधा, तितका नायक राकट. पडद्यानं नायकाला धुऊन काढलं आणि त्याचा मळ ठेवायला शेरीफ मोठा केला, हे माझं मत इथे पक्कं झालं.

चर्चसमोरच जुनं न्यायालय आणि तुरुंग, आता न्यायाचं संग्रहालय. नॉटिंगहॅमला शेरीफ आजही असतो. आपल्या मुंबईच्या नगरपालासारखंच मानाचं पद, समारंभापुरतं. शहराला स्वतःचे शेरीफ मिळाले ते १४४९ च्या सनदेनं. त्याआधीचा शेरीफ दोन परगण्यांचा आणि राजाच्या रानांचा अंमलदार होता. कर गोळा करणं, माणसं पकडणं, न्यायालय भरवणं, सगळं एकाच हातात. जुन्या गीतांत त्याला नावही नाही. नाव, घराणं, चुलतभाऊ, वेड, सगळं पडद्यानं दिलं.

बुधवार, शेरवुड

एडविनस्टोला बसनं गेले. मेजर ओक हा टेकूंवर तोललेला अवाढव्य वृक्ष, वय आठशे ते हजार वर्षांचं असावं असा अंदाज. भोवती बांध घातलाय, लोक लांबूनच बघतात. आजूबाजूचे पोकळ, वाळलेले जुने ओक मला जास्त आवडले. त्यांच्याकडे कुणी फिरकत नाही.

शेरवुड बघायला रिचर्ड खरंच आला होता. किल्ला शरण आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो क्लिपस्टन आणि हे रान पाहायला गेला, पूर्वी कधी न पाहिलेलं, आणि त्याला ते फार आवडलं, असं त्या काळच्या इतिवृत्तकारानं लिहून ठेवलंय. क्लिपस्टनला शेतात राजवाड्याचे दगडी अवशेष आहेत. गावात लोक त्याला जॉनचा राजवाडा म्हणतात.

जॉन या गोष्टीत आला तो बऱ्याच उशिरा. जुन्या काव्यात राजा एडवर्ड आहे. १५२१ मध्ये जॉन मेजर या स्कॉटिश इतिहासकारानं रॉबिनला रिचर्डच्या काळात नेऊन बसवलं. १५९८ च्या अँथनी मंडीच्या नाटकांत जॉन त्याचा शत्रू झाला, आणि १८१९ च्या अखेरीस आलेल्या वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीनं त्यावर शिक्का मारला. मग १९३८ च्या सिनेमातला क्लॉड रेन्सचा मऊ, कपटी जॉन आणि डिस्नीच्या १९७३ च्या सिनेमातला अंगठा चोखणारा सिंह. पीटर उस्टिनोव्हच्या आवाजातला तो सिंह लहानपणी मला इतका आवडायचा की जॉनचा राग कधी आलाच नाही. वेल्सच्या त्या मुलांबद्दल वाचल्यावर तो सिंह पुन्हा पाहणं जड जातं.

गुरुवार, न्यूअर्क आणि लिंकन

नॉटिंगहॅम-लिंकन गाडी न्यूअर्क कासलला थांबते. ट्रेंट नदीकाठच्या या पडक्या किल्ल्यात १२१६ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन आमांशानं मेला. अर्धा तास थांबून पुढची गाडी घेतली.

लिंकन किल्ल्यात तळघरात, अंधाऱ्या खोलीत, १२१५ चा मॅग्ना कार्टा, म्हणजे जॉन राजाकडून सरदारांनी घेतलेली हक्कांची सनद, ठेवलाय. चामड्याचा एकच ताव, साधारण हातभर रुंदीचा, त्यावर लॅटिनच्या ओळी इतक्या दाट की श्वास घ्यायला जागा नाही. शेजारी १२१७ चा रानाचा जाहीरनामा, उरलेल्या दोन मूळ प्रतींपैकी एक. यापुढे हरणासाठी कुणाचा जीव किंवा अवयव जाणार नाही, असं त्यात लिहिलंय. दंड, किंवा वर्ष नि एक दिवस कैद. सिकॅमोर गॅपच्या झाडावर चढलेल्या पोराला हा कागद हवा होता.

मी हातातल्या भाषांतरावरून कार्टाचं पन्नासावं कलम शोधलं. राजानं काही परदेशी अंमलदारांना नावं घेऊन पदावरून काढायचं कबूल केलंय. त्या यादीत फिलिप मार्क आहे, त्याच्या भावांसह. हा फ्रान्समधल्या तूरेनचा माणूस १२०९ च्या सुमारापासून नॉटिंगहॅमशर आणि डर्बीशरचा शेरीफ होता. मनमानी अटक आणि लोकांच्या जमिनी बळकावणं, असे आरोप त्याच्यावर होते. ज्याला लोक खरोखर शिव्या देत असतील असा शेरीफ शोधायचा तर हाच.

पडद्यावर तो एकदा आला, १९८६ मध्ये, ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ या मालिकेच्या एका भागात. लुइस कॉलिन्सनं काम केलं होतं. त्या मालिकेत निकोलस ग्रेसचा शेरीफ आणि त्याचा मठाधिपती भाऊ ही जोडी आहे, म्हणजे अंमलदार आणि मठ एकाच घरात. जुन्या काव्याच्या इतकं जवळ क्वचितच कुणी गेलं असेल. फिलिप मार्क तिथे एका भागापुरता येतो आणि त्याचा निकाल लागतो.

इथे, या काचेखाली, तसं झालं नाही. कार्टा काही आठवड्यांत पोपनं रद्द केला. जॉन मेल्यावर तो पुन्हा काढला तेव्हा पन्नासावं कलम गाळलेलं होतं. फिलिप मार्क १२२४ पर्यंत शेरीफच राहिला.